चाळीस मिनिटांची लाईन

घाटकोपर,
९ फेब्रुवारी १९८६

चि. लवू यास काशीरामचे अनेक आशीर्वाद.

मुलुंडची लाईन फुटली ती कितीला पडली ते काल बसून मांडलं. बिडाचे बारा इंची पाइप, पाच. सांध्यांचं शिसं पुन्हा वितळवून ओतलं ते वेगळं. टेकाडाखालच्या शकुबाईच्या घराची पुढची भिंत. शकुबाईचा डावा पाय गुडघ्याखाली मोडला, प्लास्टर सहा आठवडे, म्हणजे सहा आठवडे तिची भाजीची टोपली घरात पालथी. गिरिकुंज सोसायटीची एकशेवीस बिऱ्हाडं अजून टँकरवर. आणि पंपाच्या शेजारची ती खोली, जी तुला मिळायची होती. पाइप मी माझे घातले, भिंत बांधून दिली. बाकीचं माझ्या हातातलं नाही, म्हणून पत्र लिहायला बसलो.

झालं ते झालं रे. तू मनाला लावून घेऊन गावाला जाऊन बसलास, ते काही बरं केलं नाहीस. एवढी वर्षं टाकीची चावी फिरवणाऱ्याचा हात एखादे दिवशी भरात येतो, चार फेरे जास्त जातात. मी सेक्रेटरीला तेच समजावलं. त्याला तर लाईन कशी भरतात हेच ठाऊक नव्हतं. त्याला म्हटलं, "साहेब, डोंगरावर टाकी, खाली तुमच्या इमारती आणि मध्ये हे टेकाड. पाणी टाकीतून उतरतं, टेकाड चढतं, मग तुमच्याकडे येतं. रिकाम्या पाइपात हवा असते. ती टेकाडाच्या डोक्यावर जमते, तिथे तिला बाहेर काढायला एअर व्हॉल्व्ह. मी तिथे बसतो. चावीवाला टाकीपाशी. मधल्या वळणावर झेंडीवाला, कारण आम्ही दोघं एकमेकांना दिसत नाही. मी हिरवी हलवली की तो हलवतो, मग चावीवाला दोन फेरे उघडतो." सेक्रेटरी म्हणाला, "मग चुकलं कुठे?" मी म्हटलं, "चावीपाशी. पण माणूस सज्जन आहे, मुद्दाम करणाऱ्यातला नाही." तूही तेव्हा तिथेच मान खाली घालून उभा होतास, एक शब्द बोलला नाहीस. म्हणून मीही विषय वाढवला नाही. तुझ्याबद्दल माझ्या मनात काही नाही, एवढं लक्षात ठेव.

खरं दुःख मला माझ्या शब्दाचं आहे. सेक्रेटरीला मी आधीच सांगून ठेवलं होतं, दोन किलोमीटरची बारा इंची लाईन काशीराम चाळीस मिनिटांत भरून देतो. घड्याळ लागत नाही, कान लागतो. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत कुणालाही विचारा. पंधराव्या वर्षी शिशाची पळी घेऊन पाइपामागे धावायला लागलो, आज बत्तीस माणसं माझ्या हाताखाली आहेत, ती या कानाच्या जोरावर. पाइपात उंदीर धावला तरी मला कळतं. असो.

कांदिवलीला नवं काम निघालंय. शेड आहे, मालनला घेऊन ये. चावी नको असेल तर दुसरं काही देतो. तुझी वहिनी सुलक्षणा तुझी आठवण काढते.

तुझा
काशीरामदादा


मु. पो. नेरूर, ता. कुडाळ,
२१ फेब्रुवारी १९८६

ती. काशीरामदादास लवूचा नमस्कार.

पत्र पोचलं. कांदिवलीला मी येत नाही.

दादा, तू मला माफ केलंस असं लिहितोस. कशाबद्दल ते मी दोनदा वाचलं. मृणालिनी इंजिनेरबाईंच्या कागदावर सहा फेरे लिहिले होते. सहा फेरे मी उघडले आणि हात काढला. मग भीमराजची हिरवी झेंडी आली, आणखी दोन. मग पुन्हा. मग पुन्हा. एकूण अठरा फेरे झाले. मी प्रत्येक झेंडीला वळणाकडे बघून हात वर करत होतो, की बस ना? तर पुन्हा हिरवी. भीमराज आपल्या मनाने झेंडी हलवणारा माणूस नाही, तू हलवलीस तेव्हाच त्याने हलवली.

मी गप्प का राहिलो ते तुला खरंच कळलं नाही? एकोणसत्तर साली तू मला मुंबईला घेऊन गेलास, आपल्या चटईवर निजवलंस. आपल्यात थोरल्याला चार माणसांत खोटं पाडत नाहीत. आये नेहमी सांगायची, "थोरल्याक चार माणसांत खोटो पाडू नको, घराक येवन काय ता बोल." मी समजलो, लोक गेले की दादा स्वतःच सांगेल. संध्याकाळपर्यंत पंपापाशी वाट बघत बसलो होतो. तू टॅक्सीत बसून गेलास.

इथे बाजारात गेलं की विचारतात, "काय रे लवू, मुंबैक पाण्यात बुडवन इलंस?" हसून विचारतात, पण विचारतात.

एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. सहदेव मुकादम आपल्याला शिकवायचे, व्हॉल्व्हची शिट्टी बारीक वाजत असली की पाणी शहाण्यासारखं येतंय, शिट्टी किंचाळली की चावी मागे घ्या. त्या दिवशी वारा टेकाडाकडून टाकीकडे होता. एवढ्या लांबूनही मला शिट्टी ऐकू यायला हवी होती. आली नाही. दादा, तू अगदी व्हॉल्व्हला कान लावून बसला होतास. तुला आली का?

सोसायटीने चावीवाल्याची जागा पंधरा एप्रिलपर्यंत रिकामी ठेवली आहे असं ऐकतो. खोली त्या जागेबरोबरच आहे. मला तुझ्याकडून दुसरं काही नको. झेंडी तुझी होती, एवढं सेक्रेटरीला सांग.

तुझा
लवू


घाटकोपर,
३ मार्च १९८६

चि. लवू यास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून चार दिवस कामावर लक्ष लागलं नाही. मला माणसांवर ओरडायची सवय आहे, माझ्यावर कुणी एवढं हळू बोलल्याची नाही.

शिट्टीचं विचारलंस. नाही आली. त्याचं कारण तुला सांगतो, म्हणजे मी काही वाईट हेतूने वागलो असं वाटायला नको. मृणालिनीबाईंच्या कागदावर दोन इंची व्हॉल्व्ह होता. बारा इंची लाईनला दोन इंची! मला ते बघूनच हसू आलं. बाई आहे सव्वीस वर्षांची, अंधेरीला बापाच्या ब्लॉकमध्ये वाढलेली, तिला म्हटलं, "बाई, हत्तीला मुंगीच्या नाकाने श्वास घ्यायला लावताय." माझी माणसं खूप हसली. माझ्याकडे दुसऱ्या कामाचा सहा इंची व्हॉल्व्ह पडून होता, नवाकोरा. तो मी तिला न विचारता बसवला. वरचा एक पैसा घेतला नाही. मोठं दार, हवा झटकन बाहेर, लोकांना पाणी लवकर. यात कुणाचं वाईट चिंतलं मी?

आता त्या दिवसाचं. मोठ्या तोंडातून हवा अशी आरामात जात होती की शिट्टी नाहीच. नुसता सुस्कारा, म्हशीच्या श्वासासारखा. मी समजलो पाणी आळसावलंय. सेक्रेटरी शेजारी घड्याळ बघत उभा, पंचवीस मिनिटं झाली होती. म्हणून झेंडी दिली. किती वेळा ते मी मोजलं नाही. दिली असेन.

परवा मृणालिनीबाई जागेवर आल्या, टेप घेऊन व्हॉल्व्हचं तोंड मोजलं. मला म्हणाल्या, "काका, हा तुम्ही बसवलात?" म्हटलं, "हो, फुकट." त्या खाली बसल्या आणि जमिनीवर काडीने काढून दाखवायला लागल्या. म्हणे, "हवा म्हणजे पाण्यापुढची गादी आहे. दोन इंची तोंडातून ती हळूहळू जाते, तिला दाबत पाणी हळूहळू येतं. तुम्ही दार मोठं केलंत. हवा पळाली, तिच्यामागे पाणी धावत आलं. हवा संपली त्या क्षणी आतला गोळा वर जाऊन बसला, दार बंद. पळत आलेल्या माणसाच्या तोंडावर दार आपटलं तर काय होतं? तेच झालं. फक्त माणूस दोन किलोमीटर लांब होता." मी म्हटलं, "बाई, पुस्तकात पाणी वेगळं असतं." पुस्तकातली माणसं, लवू. शिसं कधी ओतलं नाही त्यांनी.

पण समज त्यांचं खरं असलं, तरी तूच विचार कर. तुझी एक खोली. माझं नाव गेलं तर बत्तीस बिऱ्हाडांची चूल. सोसायटीची मीटिंग येत्या रविवारी आहे. बघतो कसं काढायचं ते. शब्द देत नाही, पण बघतो.

शकुबाई कुबडी घेऊन मोरीपर्यंत जाते आता. भिंत नवी बघून म्हणाली, "जुनीपेक्षा चांगली झाली हो." मला तिच्याकडे फार वेळ थांबवेना.

तुझा
काशीरामदादा


नेरूर,
२९ मार्च १९८६

ती. काशीरामभावोजींस मालनचा नमस्कार.

हे पत्र मी लिहिते आहे. यांना माहीत नाही. तुमचं मागचं पत्र यांनी घडी करून तांदळाच्या डब्यात ठेवलं आहे, उत्तर लिहीत नाहीत. विचारलं तर म्हणतात, दादा बघतो म्हणालाय.

भीमराज शिमग्याला गावी आला होता. मांडावर देवाला गाऱ्हाणं झालं, सगळे गावकरी "व्हय म्हाराजा" म्हणाले, भीमराजने ते म्हटलं नाही. मी बायकांच्या बाजूने बघत होते. तुम्हाला माहीतच आहे, त्याचा आवाज साऱ्या गावात मोठा, दरवर्षी सगळ्यात आधी त्याचाच येतो. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेले. त्याच्या आईसमोर विचारलं, "भीमराज, देवासमोर तोंड का शिवलंस?" तो रडायलाच लागला, एवढा बाप्या माणूस.

भावोजी, तुम्ही नुसतं बोलला नाहीत. तुम्ही लिहून दिलंत. "झेंडी न देता चावीवाल्याने आपल्या मनाने व्हॉल्व्ह उघडला." खाली तुमची सही, साक्षीदार म्हणून भीमराजची. पुढच्या कामाला बोलावणार नाही म्हटल्यावर त्याने केली. आणि कधी? एकोणीस जानेवारीला. लाईन फुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे यांना माफ केल्याचं पत्र तुम्ही पाठवलंत, तेव्हा त्या कागदाला तीन आठवडे झाले होते.

हे गप्प राहिले ती तुम्हाला कबुली वाटली की सोय वाटली, ते तुमचं तुम्हाला ठाऊक.

बत्तीस चुली लिहिल्यात. आमची तेहतिसावी. मोजताना राहिली असेल.

आमच्या लग्नात तुम्ही मामाच्या जागी अंतरपाट धरला होता. मी त्याच्यापलीकडे उभी होते, तुमचा हात मला दिसत होता, शिशाने भाजल्याचे डाग असलेला. मला वाटलं होतं, एवढा कष्टाचा हात ज्याच्यामागे आहे त्याच्या घरात मी जाते आहे.

पंधरा एप्रिल जवळ आली.

मालन


घाटकोपर,
७ एप्रिल १९८६

लवू,

आशीर्वाद लिहिण्याच्या लायकीचा मी आज नाही, म्हणून मायना कोराच ठेवतो.

मालनचं पत्र मी सुलक्षणाला वाचून दाखवलं. तिला लिहिता-वाचता येत नाही, त्याचा फायदा घेऊन मी आजवर बरीच पत्रं गाळून वाचली आहेत. हे नाही गाळलं. ती उठून मोरीत गेली आणि भांडी घासायला लागली. नळ चालू होता. तिने तो पटकन बंद केला आणि भिंतीतून आवाज आला, धड्. आमच्या चाळीतला नळ असा नेहमी वाजतो, शेजारचे म्हणतात भूत आहे. मी उठलो, नळ उघडला, पुन्हा एकदम बंद केला. धड्. पुन्हा. धड्. मग हळूहळू बंद केला. काही नाही. सुलक्षणा म्हणाली, "अहो, काय चाललंय तुमचं?" मी म्हटलं, "मृणालिनीबाई बरोबर होत्या." ती म्हणाली, "कोण मृणालिनी?" तिला सगळं सांगायला बसलो. सगळं म्हणजे, जे तुला लिहिलं त्यापेक्षा जास्त. तेच तुलाही लिहितो.

त्या दिवशी सुस्कारा थांबला तेव्हा मी उठून उभा राहिलो होतो. मला वाटलं, झालं. हवा गेली, लाईन भरली, एकतीस मिनिटं. मी सेक्रेटरीकडे बघून हसलो. तेवढ्यात व्हॉल्व्हच्या आत गोळा वाजला, घणासारखा. आणि मग खाली पाइप फुटला तो आवाज. दोन्हींच्या मध्ये श्वास घेण्याएवढी फट होती. माझा कान त्या फटीतच समजला होता. मला तेव्हाच कळलं होतं, लवू, आवाज कुठून सुरू झाला ते. टाकीकडून नाही. माझ्या गुडघ्यापाशी. मृणालिनीबाईंनी मार्चमध्ये सांगितलं ते कारण. पण जागा मला त्याच क्षणी ठाऊक होती. आणि सेक्रेटरीने वळून विचारलं, "काय झालं?" तर माझ्या तोंडातून तुझं नाव आलं. दुसऱ्या कुणाचं आलं असतं तरी मी निर्लज्जच ठरलो असतो. पण तुझं आलं, कारण तू उलटून बोलणार नाहीस हे मला माहीत होतं.

मार्चच्या मीटिंगला मी गेलो होतो. "बघतो" लिहिलं होतं ना, ते बघायला. चहा घेतला, बिस्कीट खाल्लं आणि आलो.

काल पुन्हा मीटिंग होती, पाण्याचीच. गच्चीवर सतरंज्या घातल्या होत्या. मी सगळ्यांत पाठी बसलो. भीमराजला बरोबर घेतलं होतं, म्हटलं तुझी सही मी करवून घेतली, ती मोडायलाही मीच नेतो. शकुबाईला कुणी बोलावलं नव्हतं, ती कुबडी टेकत आपली आपण आली होती, कारण भिंत तिची. मृणालिनीबाई कागद मांडून बसल्या होत्या. मी उभा राहिलो. लाज वाटते तेव्हा माझा आवाज मोठा होतो हे मला काल कळलं. म्हटलं, "व्हॉल्व्ह मी बदलला. बाईंना न विचारता. झेंडी मी दिली, सहाच्या पुढची प्रत्येक. लवूने प्रत्येक वेळी हात वर करून विचारलं होतं, मी तिकडे बघितलं नाही. लिहून दिलंय ते खोटं आहे."

सेक्रेटरी म्हणाला, "म्हणजे तुमची सही खोटी?"

"सही खरी आहे. वरचं खोटं."

कुणीतरी हसलं. हसण्यासारखंच होतं ते. एक गृहस्थ म्हणाले, "चाळीस मिनिटांत भरणार होतात ना काशीराम?" मी बसलो नाही, उभाच राहिलो. बसलो असतो तर बरं वाटलं असतं, म्हणून.

मृणालिनीबाई पेन्सिलीला टोक काढत होत्या. त्या काही बोलल्या असत्या तर मला तोंड लपवायला जागा मिळाली असती. शकुबाई मात्र बोलली. म्हणाली, "माझा पाय कुणी मोडला ते आज समजलं. बरं झालं. पण त्या लवूला मी तीन महिने शिव्या घातल्या हो, सकाळ-संध्याकाळ, त्याच्या आयबापाला धरून. त्या आता परत कशा घेऊ?"

ठरलं ते असं. पुढचं काम माझ्याकडून काढून घेतलं. माणसं माझीच राहतील, रोजावर, पण हुकूम बाईंचा. त्यांनी काल मला सांगितलं नाही, सेक्रेटरीला सांगितलं, माझ्यासमोर: "चावीवाला तोच हवा. शिट्टी आली नाही हे ज्याच्या लक्षात आलं, तो." कारण तुझं फेब्रुवारीचं पत्र मी त्यांना वाचायला दिलं होतं. ते द्यायला तुला विचारलं नाही, ही आणखी एक चूक.

जागा तुझी झाली. सेक्रेटरीची चिठ्ठी सोबत आहे, शिक्क्यासकट. खोली मात्र गेली, लवू. मार्चअखेर रखवालदाराला देऊन टाकली, त्याचं बिऱ्हाड आलंय, लहान मूल आहे. मी तेव्हा बोललो असतो तर ती रिकामी होती. बिस्कीट खाल्लं त्या दिवशी ती रिकामी होती.

माफ कर असं लिहिणार नाही. तू माझ्यापेक्षा धाकटा आहेस, लगेच करशील.

काशीराम


घाटकोपर,
२८ एप्रिल १९८६

सौ. मालन हिस काशीरामचा नमस्कार.

लवू सुखरूप पोचला आहे, ते त्याने कळवलंच असेल. तो घाटकोपरला उतरला नाही, सरळ मुलुंडला गेला. पंपघरात खाट टाकून राहतो. सुलक्षणा डबा घेऊन गेली होती, तो त्याने घेतला, आणि तिच्या पाया पडला. मी पंपाबाहेर उभा होतो. मी आत गेलो नाही आणि तो बाहेर आला नाही. हे तुझ्या कानावर घालावं म्हणून लिहितो, तक्रार म्हणून नाही.

काल लाईन पुन्हा भरली. सकाळी सातला सगळे जमलो. टेकाडावर दोन इंची व्हॉल्व्ह, मृणालिनीबाईंनी स्वतः पाना लावून बसवून घेतला. तिथे त्या बसल्या, माझ्या जागेवर. भीमराज खाली सोसायटीच्या टोकाला. मी विचारलं, "मी काय करू?" बाई म्हणाल्या, "काका, वळणावर झेंडी घेऊन उभे राहा. मी हलवली की हलवायची. आपल्या मनाने नाही." हे त्या हसून म्हणाल्या, पण म्हणाल्या.

वळणावरून टेकाड दिसतं आणि टाकीही दिसते. बावीस वर्षांत मी झेंडीवाल्याच्या जागी कधी उभा राहिलो नव्हतो. चावीवर वाकलेला माणूस किती वेळा मान वर करून बघतो, ते तिथून दिसतं. लवूने सहा फेरे उघडले आणि हात वर केला. बाईंनी लाल दाखवली, मी लाल दाखवली. त्याने हात खाली घेतला. माझ्याकडे बघून नाही, झेंडीकडे बघून. पण काम चोख. मग नुसतं उभं राहायचं होतं.

दहाच्या सुमाराला शकुबाई स्टूल घेऊन दारात येऊन बसली. पाय बरा आहे, लंगडते. मला हाक मारून म्हणाली, "अहो मुकादम, ती शिट्टी म्हणतात ती हीच का?" हीच. सकाळपासून वाजत होती, बारीक, चुलीवर ओलं लाकूड वाजतं तशी. शकुबाई भिंतीला पाठ टेकून ऐकत बसली. शेवटी शेवटी शिट्टी अजून बारीक झाली, आणि मग सावकाश थांबली. आत गोळा बसला तो आवाज मला वळणापर्यंत आला नाही. कुणालाच आला नाही. बाईंनी पांढरा रुमाल हलवला. खाली पहिल्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी नळाने खोकून खोकून पाणी टाकलं आणि पोरांनी ओरडा केला.

शकुबाईने लवूला टाकीवरून उतरताना थांबवलं. काय बोलली ते मी ऐकलं नाही. ऐकू येण्यासारखं होतं, पण मी चालत पुढे गेलो. परत येईस्तोवर ती त्याला वाटीत लाडू देत होती आणि तो नको नको म्हणत होता.

खोलीचं मी बघतो, असं आता लिहीत नाही. कांजूरमार्गला एक खोली बघून आलोय, पंपापासून लांब आहे, पाणी चांगलं आहे. तू येऊन बघ आणि मग ठरव. लवूला मी सांगितलेलं नाही. सांगायचं तर तूच सांग.

आणखी एक. त्या सेक्रेटरीने काल पुन्हा घड्याळ लावलं होतं, सातपासून. झाल्यावर माझ्याकडे आला आणि घड्याळ माझ्यापुढे धरलं. मी काटे बघितले.

लाईन भरायला तीन तास वीस मिनिटं लागली.

काशीराम